अजून काही फुटलं नाही

लिफ्टच्या टपावर उभं राहून त्याने खडूसाठी कोटाच्या खिशात हात घातला, तर बोटांना काहीतरी चिकट लागलं. सोमवार, सकाळचे पावणेअकरा. पायाखाली सहावा मजला, डोक्यावर सातवा, आणि मध्ये अंधारात हा, एका हाताने आधार धरून. दोर जिथे झिजलेला दिसेल तिथे खडूने खूण करायची, खाली येऊन वहीत लिहायचं, सगळं धड असेल तर दाखल्यावर सही ठोकायची, हे काम तो वीस वर्षं करत आला होता. शहरातल्या तीनशेच्या वर लिफ्टमध्ये त्याची सही काचेखाली लावलेली होती. ती कोणी वाचत नाही, सगळे शेजारच्या आरशात बघून केस सारखे करतात, हा त्याचा ठरलेला विनोद. हसायचा मात्र तो एकटाच. त्याने खिशातलं ते चिकट बाहेर काढलं आणि कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात धरलं. चार कोंब होते. गव्हाच्या दाण्याएवढे, तपकिरी साल उकललेली, आत हिरवं टोक, आणि देठाशी नखाने खुडलेले. दोराच्या तारा बघून बघून त्याच्या डोळ्यांना एक सवय जडली होती. आपोआप तुटलेलं आणि कोणी तोडलेलं त्यांना लगेच वेगळं कळे. हे तोडलेलं होतं. खडूचं विसरून त्याने मूठ मिटली.

याच कोंबांवर त्याच्या घरातली एक मोठी गोष्ट अडून बसली होती. पानगळीच्या दिवसांत आई जिन्यावरून पडली. शेवटच्या तीन पायऱ्या चुकल्या आणि ती चार तास तळाशी पडून राहिली. खालची शिवणवाली बाजारातून परतली तेव्हा कुठे कोणाला कळलं. मनगट मोडलं. डॉक्टरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा पडल्या तर मनगटावर भागणार नाही, एकट्या ठेवू नका. तो आईला म्हणाला, आमच्याकडे चल, एक खोली आहे. आई बराच वेळ खिडकीतून समुद्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘हिवाळ्यात मी घर सोडायची नाही. बांधावरच्या काटेरी झुडपांना कोंब फुटू दे, मग येते.’ ठरलं. तेव्हापासून दर शनिवारी तो दोन तास बसने आईकडे जाई, रात्री राही, आणि दुपारच्या उन्हात दोघं समुद्राच्या बांधावरून वसंताच्या खुणा शोधत हिंडत. आईला त्या तोंडपाठ होत्या. आधी दगडांच्या फटीतलं शेवाळ काळ्याचं हिरवं होतं. मग त्या राखी पाखरांचा आवाज बदलतो, एक सूर लांबतो. मग होड्या उलट्या घालून त्यांचे तळ खरवडायला घेतात. आणि मग झुडपं. खाऱ्या वाऱ्यात जे फुटतं तेच खरं, बाकी सगळी थट्टा, असं तिचं मत. आणि दर शनिवारी परतताना तेच वाक्य, अजून काही फुटलं नाही. तेच तो घरी येऊन बायकोला सांगे.

फुटलं नाही कसं? हे काय मग? त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली आणि प्रत्येक गोष्टीबरोबर त्याचा राग चढत गेला. परवाच्या शनिवारी त्याने झुडपांवर, बरोबर हाताच्या उंचीला, ओलसर पांढरे ठिपके पाहिले होते. वाऱ्याने साल सोलली असेल म्हणून सोडून दिले होते. म्हणजे आई खुडते आहे. रोज सकाळी जाऊन फुटेल ते खुडून टाकते आहे, म्हणजे वसंत यायला नको आणि हिला यायला नको. आणि रविवारी तो झोपेत असताना तिने त्याचाच कोट अडकवला असणार, तिचा पातळ आहे, आणि खुडलेलं खिशात टाकून विसरली. सत्तर वर्षांची बाई! त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. खालून इमारतीचा राखणदार ओरडला, ‘साहेब, किती वेळ अजून? पाचव्या मजल्यावरचे वकील जिन्यात बसलेत, त्यांना धाप लागलीय.’ ‘बसू दे,’ तो म्हणाला. ‘सोडू का खाली?’ ‘सोड.’ लिफ्ट हलली, दोर त्याच्या चेहऱ्याजवळून वर सरकत गेले आणि एकाही तारेकडे त्याचं लक्ष नव्हतं. खाली उतरल्यावर त्याने दारावर ‘तपासणी चालू’ची पाटी लावली, वही राखणदाराच्या हातात दिली आणि म्हणाला, ‘उद्या येतो. तोवर कोणाला चढू देऊ नकोस.’ राखणदार आ वासून बघत राहिला. वीस वर्षांत त्याने एकही लिफ्ट अर्धी सोडली नव्हती.

पाऊणच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मूठ त्याने खिशातच ठेवली होती आणि ती घामेजली होती. आईला जाऊन काय म्हणायचं याची तो जुळवाजुळव करत होता. तुला यायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं. माझी चेष्टा लावलीस. दर शनिवारी मी येतो, खोली अडकून पडलीय, तिकडे ही रोज विचारते. यातलं शेवटचं खरं होतं. बायको दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली काम करायची. संध्याकाळी येऊन बूट काढता काढता विचारायची, ‘आई कधी येतायत?’ तो म्हणायचा, ‘अजून काही फुटलं नाही.’ ती ‘बरं’ म्हणायची. त्या ‘बरं’मध्ये काय असायचं ते त्याने कधी उकरून पाहिलं नव्हतं. खोली अडकून पडलीय, हेही खरंच. पण ती कशाने अडकली होती? तिथे एक घडीची खाट होती, एक टेबलदिवा होता, खिडकीच्या कडेवर त्याचा चष्मा आणि पाण्याचा पेला असायचा. त्या खोलीत तो झोपत होता. चौदा महिने झाले होते. भांडण झालं असतं तर निदान सांगता तरी आलं असतं. एका हिवाळ्यात त्याला खोकला झाला, तिची झोप मोडू नये म्हणून तो उशी घेऊन इकडे आला. खोकला गेला, उशी राहिली. पहिल्या आठवड्यात ती म्हणेल ‘आता ये’ म्हणून त्याने वाट पाहिली. मग ती वाट पाहत असेल, असं त्याला वाटलं. मग उन्हाळा आला, आणि उन्हाळ्यात तसंही उकडतं. आई आली की ती खोली आईची. म्हणजे त्याने उशी उचलून परत त्या दारात उभं राहायचं, आणि ती काय म्हणेल? नाहीतर आईच्या डोळ्यांदेखत बैठकीच्या खोलीत खाट टाकायची, आणि आई काय म्हणेल? इथे आलं की त्याचा विचार नेहमी वळून दुसरीकडे जाई. आजही त्याने तो वळवला, पण बस सरळ रस्त्याला लागली होती आणि खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

तेव्हा त्याला बाबांचं घड्याळ आठवलं, आणि आठवायला नको होतं असं वाटलं. त्यांच्या घरात होकार तोंडाने देण्याची रीत नव्हती. बाबा बंदरावर वजनकाट्याशी बसत. दिवसभर वजनं ओरडून घरी आले की त्यांच्यात शब्दच उरत नसत. आई मुळातच मितभाषी. मुलाने काही मागितलं की दोघं ऐकून घेत, जेवत, झोपत. आणि एखाद्या सकाळी त्याच्या खिशात काहीतरी सापडे. बांधापलीकडे पोहायला जाऊ का विचारलं, तर आठ दिवसांनी सदऱ्याच्या खिशात बाबांची शिट्टी. शहरात नोकरी धरू का विचारलं, तर निघायच्या दिवशी कोटात त्यांचं मनगटी घड्याळ, किल्ली दिलेलं. हिच्याशी लग्न करायचं म्हणाला, तेव्हा आईच्या कुड्या कागदाच्या पुडीत. आणि काहीच सापडलं नाही, तर ते ‘नाही’. मग त्याबद्दल पुन्हा कोणी बोलत नसे. नव्या नवलाईत त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. ‘आणि भांडणं कुठे ठेवता? मोज्यांत?’ तेव्हा ते दोघं एकाच खोलीत झोपत होते आणि ती हसली की पलंग हलायचा. आता बसच्या सीटवर तो आक्रसून बसला. हे चार कोंब आईने विसरून ठेवले असतील. विसरलीच असणार. वयाने विसरतात माणसं. पण बोटांना दुसरंच आठवत होतं. मागच्या सोमवारीही खिशात असंच काहीतरी चिकट लागलं होतं. त्याच्या मागच्या सोमवारीही. खोकल्याची गोळी विरघळली असेल म्हणून त्याने ते चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकलं होतं आणि रुमालाला बोटं पुसली होती. न बघता. बघण्यावरच ज्याचं पोट चालतं, त्या माणसाने न बघता. खोकला जाऊन वर्ष उलटलं होतं आणि गोळ्या कधीच संपल्या होत्या, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं का?

तो उतरला तेव्हा तीन वाजत आले होते. बांधावर वारा होता, पण दात वाजतील असा नव्हता. किनाऱ्यावर सात-आठ होड्या उलट्या घातल्या होत्या आणि दोन माणसं पत्र्याने त्यांचे तळ खरवडत होती. तो खरखराट लांबपर्यंत ऐकू येत होता. एका होडीला तर निळा रंग देऊनही झाला होता, आणि तो वाळलेला होता. दगडांच्या फटींतून शेवाळाचा ओला हिरवा उजेड येत होता. कुठेतरी पाखरू एक सूर लांबवून थांबत होतं आणि पुन्हा लांबवत होतं. हे सगळं दोन दिवसांत झालं? रंग दोन दिवसांत वाळतो, मान्य. तो चालता चालता झुडपांपाशी थांबला. कमरेच्या खाली, डोक्याच्या वर, पलीकडच्या बाजूला, जिथे बघावं तिथे कोंब होते. काही तर उघडून त्यांची पानं झाली होती. हाताच्या उंचीला खुडलेल्या जागा फार तर दहा-बारा असतील. एवढ्यावर कोणी वसंत थोपवत नाही. आणि मग परवाचा शनिवार जसा झाला होता तसा त्याच्यासमोर उभा राहिला. आई काठी टेकून इथेच थांबली होती. तो म्हणाला होता, ‘काही दिसतंय का?’ आणि आई म्हणाली होती, ‘बघ ना तूच.’ त्याने बघितलं होतं. मान खाली घालून, डोळे बारीक करून बघितलं होतं आणि म्हणाला होता, ‘अजून काही फुटलं नाही.’ ते वाक्य आईचं नव्हतंच. दर शनिवारी ते त्याचंच होतं. त्याचे कान गरम झाले.

आई बांधाच्या टोकाला बाकावर बसली होती, पातळ कोटात, बरं झालेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळत. त्याला पाहून ती दचकली.

‘आज सोमवार ना?’

‘हो.’

‘मग? कोणी गेलं का?’

‘नाही गं.’ तो तिच्याशेजारी बसला. रागाचं बोलणं त्याने इतकं घोकून आणलं होतं, की ते कामाचं राहिलं नाही हे कळूनही तेच तोंडातून निघालं. त्याने मूठ उघडली. ‘हे तू खुडलंस?’

‘मीच.’

‘का?’

‘का म्हणजे?’ आईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. ‘हे तू मला विचारतोस?’

‘फुटलेलं दिसायला नको म्हणून. झुडपं बोडकी केली की यायला नको.’

आई हसली. खरंच हसली, खांदे हलेपर्यंत. ‘अरे, मैलभर झुडपं आहेत. मी मोडक्या मनगटाची बाई सगळी खुडत बसू? वेड लागलंय का मला?’ मग हळूहळू तिचं हसू आटलं. ‘तीन शनिवार तुझ्या खिशात ठेवते आहे. आणि रोज उठून माझा खिसा चाचपते आहे. रुमालाशिवाय काही नाही. मग म्हटलं, नको असेल त्याला. त्याचंही घर आहे, त्याचीही काही अडचण असेल. कालच खालच्या शिवणवालीला सांगून आले, मी काही जात नाही कुठे. तेवढं रात्री दार किलकिलं ठेव म्हटलं, पडले तर आवाज येईल तुला.’

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की त्याला रडू फुटेल असं वाटलं. खोटं बोलायला जागा होती. मी पाहिलंच नाही, हे म्हणता आलं असतं, आणि तिने विश्वास ठेवला असता, निदान तसं दाखवलं असतं. समोर पाणी लख्ख होतं आणि होडीचा तळ खरवडणारा माणूस मध्येच थांबून पाठ ताणत होता.

‘मला तू यायला नको होतीस, आई.’

तिने मान हलवली नाही. मनगट चोळणारा हात थांबला. ती म्हणाली, ‘माझा त्रास होईल म्हणून?’

‘नाही. त्या खोलीत मी झोपतो.’

‘कधीपासून?’

‘चौदा महिने.’

‘भांडलात?’

‘नाही. मला खोकला झाला होता.’

‘चौदा महिने खोकला?’

‘खोकला तीन आठवड्यांत गेला.’

आईने एक लांब श्वास सोडला. ‘मग परत का नाही गेलास?’

‘तिनं बोलावलं नाही.’

‘तू विचारलंस?’

वाऱ्याने तिच्या डोक्यावरचा रुमाल उडत होता, तो तिने चिमटीत धरून ठेवला. ‘तुला बोलायला आम्ही शिकवलंच नाही,’ ती म्हणाली. ‘त्यांना जमायचं नाही, आणि मला वाटायचं, न बोलता कळतं यातच मोठेपण आहे. चूक आमची. पण आता पन्नाशीला आलास, आता निम्मी तुझ्या पदरात घे.’ ती काठीवर जोर देऊन उठली. ‘चल. घरून फोन कर तिला.’

‘आत्ता ती कामावर असेल.’

‘मग कामावर कर.’

जिना चढताना त्याने तिचा कोपर धरला. खालच्या शिवणवालीचं दार किलकिलंच होतं आणि आत शिवणयंत्र चाललं होतं. वर आल्यावर आई कोट न काढताच खुर्चीवर बसली. त्याने दवाखान्याचा नंबर फिरवला, दोनदा चुकला. बायको फोनवर आली ती धास्तावूनच. ‘काय झालं? आई पडल्या?’

‘नाही. बरी आहे. समोरच बसलीय.’

‘मग?’

त्याला वाटलं होतं शब्द येतील, पण आलं ते एवढंच. ‘कोंब फुटलेत,’ तो म्हणाला. ‘कधीचेच फुटलेत.’

ती म्हणाली, ‘माहीत आहे. दवाखान्यासमोरच्या झाडांना दोन आठवड्यांपूर्वीच पालवी आली. मी म्हटलं, सांगशील कधीतरी.’ तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यानेच तो जास्त घाबरला. ‘खुर्चीत माणूस आ करून बसलाय. मोकळी झाले की करते.’ आणि फोन ठेवला गेला.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. तो टेबलाशी उभाच होता. दोन आठवडे ती रोज संध्याकाळी बूट काढत विचारत होती, आई कधी येतायत, आणि रोज त्याचं उत्तर ऐकून ‘बरं’ म्हणत होती, पालवी बघून आलेली असताना. त्या प्रत्येक संध्याकाळी ती एकेक पायरी उतरून लांब गेली असेल तर? तळाशी पोचली असेल तर? दोराच्या किती तारा तुटल्या की लिफ्ट बंद करायची, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. इथे किती तुटल्यात ते कोणाला विचारायचं? ‘ती नको म्हणाली तर?’ तो म्हणाला.

‘तर इकडे ये. तुझी खाट घेऊन,’ आई म्हणाली. तिने चेहरा गंभीर ठेवला होता.

‘आणि तुझं?’

‘तुमचं काय ते आधी ठरू दे. तुम्ही एकमेकांशी बोलत नसाल तर मी तिथे येऊन कोणाचं तोंड बघू? तोवर मी पडत नाही, घाबरू नकोस.’

फोन वाजला. पहिल्या घंटेला त्याचा हात पुढे झाला आणि थबकला. दुसरी झाली. आई काही बोलली नाही, पण खुर्चीतल्या खुर्चीत ती पुढे सरकली, तो पडत असावा आणि ती धरायला निघाली असावी तशी. त्याने फोन उचलला आणि पलीकडून काही यायच्या आत, डोळे मिटून, म्हणाला, ‘मला परत आपल्या खोलीत यायचंय.’

पलीकडे धातूच्या थाळीत काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

‘परत म्हण,’ ती म्हणाली.

त्याने परत म्हटलं. या वेळी डोळे उघडे होते.

‘चौदा महिने,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. तिने तो सावरायला वेळ घेतला, आणि त्या वेळात तो जागचा हलला नाही, फोन कानाशी इतका दाबून उभा राहिला की कान दुखायला लागला. ‘मी रोज दार लोटून घ्यायचे. कडी नाही घातली एकदाही. तू एकदाही ढकलून बघितलं नाहीस.’

‘नाही बघितलं.’

‘माझा राग काही आजच्या आज जायचा नाही.’

‘बरं.’

‘बरं म्हणू नकोस.’ ती नाक ओढत होती. ‘आईंना विचार, रात्री खोलीत दिवा लागतो का त्यांना. खाटेवरची चादर बदलायला घेते मी घरी गेल्यावर, तेव्हा तेही बघून ठेवीन.’

तो वळला. आई कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसली होती आणि भिंतीकडे बघत होती, ऐकू येत नसल्यासारखी.

‘आई, ती विचारतेय, तुला रात्री दिवा लागतो का?’

‘लागतो,’ आई म्हणाली. मग बाहीने डोळे पुसून तिने घाईघाईने पुढे जोडलं, ‘लहान असला तरी चालेल म्हणावं.’